शनिवारची तारीख

"नकाराचं पत्र घेतलंस का?" गाडी सुरू करण्याआधी दिग्यानं विचारलं.

"घेतलं."

"तिकीट?"

"लावलंय."

"नाव नीट घातलंयस ना? वाईच्या वेळी आदल्या मुलीचं घातलं होतंस."

"कुमुद भास्कर घैसास, मुक्काम पाटघर. तू गाडी चालव."

मागच्या सीटवर सुहास कॅमेऱ्यात रोल भरत होता. रविवार होता, एप्रिलची सहा तारीख, साल शहाऐंशी. दिग्यानं मामाची फियाट सुरू केली आणि आम्ही तिघं मित्र मुलगी बघायला निघालो.

हे जरा समजावून सांगायला हवं. दिग्या म्हणजे दिगंबर गद्रे. बँकेत अधिकारी, उंच, आणि स्वतःचा काही दोष नसताना देखणा. बँकेतल्याच फिलोमिनाशी त्याचं दोन वर्षांपासून जमलेलं होतं, पण आईला सांगायचा धीर होत नव्हता. रविवारी मुलगी बघायला जातोय म्हटलं की आई पुढचे पंधरा दिवस गप्प बसायची. सुहास कॉलेजात शिकवायचा आणि देवळांचे फोटो काढायचा. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो आणि गुरुवारी संध्याकाळी एका वधू-वर सूचक मंडळात बसून वह्या उतरवून द्यायचो. मुलींचे पत्ते माझ्या हाताखालून जायचे.

पहिल्यांदा सासवडला गेलो ते खरोखरच मुलगी बघायला. मुलगी दिग्याला सांगून आली होती आणि त्याची आई हटून बसली होती. मुलगी कशी होती ते तिघांपैकी एकालाही आठवत नाही. पण करंज्या ओल्या नारळाच्या होत्या, नदीकाठच्या देवळात गारवा होता, आणि परत येताना सुहास म्हणाला, "असा रविवार दर महिन्याला पाहिजे."

मग ठरूनच गेलं. निवड मी करायचो. मुलीचं शिक्षण, वर्ण, उंची हे मंडळाच्या वहीत असायचंच, पण मी आधी गावाचं नाव बघायचो. नदी, घाट, जुनी पेठ असली की मुलगी वर. गावाला नुसताच एसटी स्टँड असला तर मुलगी कितीही शिकलेली असो, माझ्या यादीत खाली जायची. दीड वर्षात आम्ही अकरा गावं पाहिली. मुलीही तितक्याच असणार.

नकाराची पत्रं मी लिहायचो, खाली दिग्या सही करायचा. 'मुलगी सर्व दृष्टींनी योग्य आहे. तथापि पत्रिकेतील मंगळामुळे घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात किंतु आहे.' त्या 'तथापि'वर माझा जीव होता. सासवडच्या वेळी पत्र टाकायचं राहून गेलं, आणि तिसऱ्या आठवड्यात मुलीचे वडील नारळ आणि उपरणं घेऊन दिग्याच्या दारात उभे राहिले. तेव्हापासून नियम केला. पत्र शनिवारीच लिहून ठेवायचं, बरोबर न्यायचं, आणि गावातून निघण्याआधी त्याच गावच्या पेटीत टाकायचं. टाकायचं काम सुहासचं. पोस्ट सावकाश चालतं, पोचेपर्यंत चार-पाच दिवस जातात, म्हणजे घरी विचारविनिमय झाल्यासारखं दिसतं, असा आमचा हिशेब होता.

आम्ही वाईट माणसं नव्हतो. हे वाक्य मी बऱ्याचदा लिहून पाहिलं आहे. तिथंच ठेवतो.

पाटघर आमच्या अकरा गावांत सगळ्यात सुंदर निघालं. नदीला अर्धचंद्राकृती वळण, सबंध काठाला दगडी पायऱ्या, वर गणपतीचं देऊळ, देवळासमोर लाल पोस्टाची पेटी. सुहासनं पेटी आधी पाहिली, मग देऊळ. "सोय चांगली आहे," तो म्हणाला.

घैसास मास्तरांचं घर शाळेच्या मागं होतं. दोन खोल्या, वर पत्रे, अंगणात सारवलेली जमीन. मास्तर निवृत्त झाले होते, पण शर्टाच्या खिशाला लाल पेन अजून होतं. टीपॉयवर त्या दिवशीचा पेपर होता आणि त्यात चार ठिकाणी लाल रेघा.

"या, या. गद्रे कोण आपल्यापैकी?"

आम्ही दोघांनी दिग्याकडे बोट दाखवलं. मास्तरांनी त्याला एकदा नीट पाहिला, आणि आवडूनही ते लपवायचा प्रयत्न करणाऱ्या माणसासारखा चेहरा केला.

"आणि आपण?" त्यांनी मला विचारलं.

"लेले. मी मुद्रितशोधक आहे."

"अरे वा! म्हणजे आपण एकाच पंथाचे." त्यांनी पेपर माझ्यापुढे सरकवला. "हे पाहा. मथळ्यात सोमवार, बातमीत मंगळवार. आता वाचणाऱ्यानं सभेला जायचं कधी?"

"अक्षम्य आहे," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

"मी तोंडी कुणाचं काही धरत नाही, लेले. विद्यार्थी सांगायचे, सर, मला येत होतं. असेल. कागदावर काय आहे ते दाखव."

आतून दडपे पोहे आले. बशा घेऊन आलेली मुलगी सावळी होती, चष्मा होता, छापील सुती साडी नेसली होती. बशी ठेवताना तिनं दिग्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, मग सुहासकडे, मग खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या फियाटकडे. पाढा बरोबर आला का हे तपासून बघावं तसं.

"एकोणतीस पूर्ण," मास्तर म्हणाले. "लपवून काय करायचं? बी. ए., बी. एड. आहे. धाकटीचं जमलंय, पण थोरलीचं झाल्याशिवाय तिला उजवता येत नाही. मी आपल्याला स्पष्टच सांगतो, गद्रे. मिरजेचं एक स्थळ आहे. ती मंडळी आज पाचला उत्तर घ्यायला येतायत. आपलं पत्र आलं म्हणून मी त्यांना थांबवून धरलं. मुलगी आवडली तर आवडली म्हणा, नाही तर नाही. मला राग येत नाही."

"हो, हो," दिग्या म्हणाला. पोहे त्याच्या घशात होते.

मास्तरांच्या पत्नी दाराआडून म्हणाल्या, "अहो, मुलांना बोलू दे की जरा."

"अर्थात. कुमुद, पाहुण्यांना घाट दाखवून आण. लेले, तुम्हीही जा बरोबर, गाव लहान आहे."

सुहास उठला. "मी तोवर देवळाचे फोटो काढतो," म्हणाला, आणि त्यानं शर्टाच्या खिशावर हलकेच थोपटलं. तो ते नेहमीच करायचा.

घाटावर ऊन होतं. खालच्या पायऱ्यांवर दोन बायका धुणं धूत होत्या. कुमुद वडाच्या सावलीतल्या पायरीवर बसली आणि आम्ही उभेच राहिलो, कारण तिनं बसा म्हटलं नाही.

"छान आहे हो गाव तुमचं," दिग्यानं नेहमीचं पहिलं वाक्य टाकलं.

"भोरपेक्षा?"

दिग्या माझ्याकडे बघायला लागला.

"माझी मामेबहीण भोरला असते," ती म्हणाली. "गेल्या फाल्गुनात तुम्ही तिला बघायला गेला होतात. हीच गाडी, हेच तिघं. एक जण फोटो काढायला म्हणून मधेच उठून गेला. तुमचं पत्र मामानं मला दाखवलं होतं. मामाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. तुम्ही आलात रविवारी, आणि पत्रावर तारीख शनिवारची होती."

मला त्या क्षणी जे वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मला शरम वाटली, पण ती मुद्रितशोधकाची होती. दीड वर्षात नऊ पत्रांवर मी लिहिण्याच्या दिवसाची तारीख घातली होती आणि ही चूक माझ्या नजरेतून सुटली होती. तसंच दहावं पत्र त्या वेळी सुहासच्या खिशात होतं, हे मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

"शिवाय तिला मंगळ नाही," कुमुद पुढं म्हणाली. "तो तुम्ही बसवलात. आता अख्खं भोर तिला मंगळ आहे असं समजतं. दोन स्थळं त्यावर गेली."

"हे बघा, आमचा हेतू—" दिग्या म्हणाला.

"हेतू राहू दे. पोहे आवडले ना?"

दिग्यानं नुसती मान डोलावली.

"मी भांडायला आणलं नाही तुम्हाला. मला तुमच्याकडून एक काम हवंय. तुम्हाला ते जमतं, म्हणून सांगते." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "मिरजेचे वकील आहेत. एकोणपन्नास वय. थोरली मुलगी वीस वर्षांची आहे. पहिल्या बायकोचा स्टोव्ह भडकला."

"अपघात?" मी विचारलं.

"बाबांनी विचारलं नाही. तुम्ही पाचपर्यंत थांबलात तर तुम्ही विचारा."

खालची एक बाई धुणं आपटायची थांबली आणि वर बघून पुन्हा आपटायला लागली.

"मी फेब्रुवारीत एक मुलाखत दिली," कुमुद म्हणाली. "मुलींच्या सरकारी वसतिगृहात अधीक्षिकेची जागा आहे, रत्नागिरीला. मावशीकडे जाते सांगून गेले होते. निवड झालीय, तिथल्या बाईंनी स्वतः सांगितलं. ऑर्डर यायचीय. पंधरा दिवस, फार तर वीस. राहायला खोली मिळते." खोलीचं सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा जरा हलला. "ऑर्डर हातात असली की मी बाबांशी बोलू शकते. ते दुष्ट नाहीत. पण त्यांना कागद लागतो. नुसतं 'निवड झालीय' म्हटलं तर म्हणतील, कुणी सांगितलं?"

"मग आम्ही काय करायचं?" दिग्या म्हणाला.

"आत्ता जाऊन हो म्हणायचं. 'कळवतो' नाही, हो. म्हणजे बाबा पाच वाजता मिरजेला नाही म्हणतील. ऑर्डर आली की मी एक कार्ड टाकते. मग तुम्ही तुमचं नेहमीचं पत्र टाका. मंगळ घाला, काय हवं ते घाला. इतके दिवस नाहीतरी—" ती थांबली. "तुमच्या खोट्याचा एकदा तरी कुणाला उपयोग होऊ दे."

दिग्यानं नदीकडे पाहिलं. तो कशाचा विचार करत होता ते मला कळलं. आईपासून पंधरा पंधरा दिवस मागून घेण्याचंच काम तोही दीड वर्ष करत होता. इतकं सोपं खोटं त्याच्याकडे आजवर कुणी मागितलं नव्हतं.

"म्हणतो," तो म्हणाला. "हो म्हणतो की. त्यात काय?"

"गद्र्यांच्या घरी कार्ड नको, आई वाचतील. तुमचा पत्ता सांगा," तिनं मला म्हटलं. मी सांगितला. तिनं लिहून घेतला नाही, एकदा म्हणून दाखवला, पिनकोडासकट. मग उठली आणि आमच्या पुढं चालायला लागली.

दिग्यानं काम चोख केलं. खुर्चीत न बसता उभ्यानंच म्हणाला, "मास्तर, मला मुलगी पसंत आहे."

मास्तरांनी चष्मा काढला, घातला, मग उठून आत गेले. आत भांडं पडल्याचा आवाज आला, कुणी तरी हसलं, कुणी तरी रडलं. मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांच्या मुठीत साखर होती. ती त्यांनी आमच्या तिघांच्या तळहातावर घातली. सुहास तेवढ्यात देवळातून आला होता. त्याला काही ठाऊक नव्हतं, पण साखर त्यानं खाल्ली.

"लेखी द्याल ना दोन ओळी?" मास्तरांनी विचारलं. "विश्वास नाही असं नाही. सवय."

"आईला सांगून लेखी पाठवतो," दिग्या म्हणाला.

"उत्तम. लेखी येऊ दे."

पाटघरपासून आठ किलोमीटरवर एका रसवंतीपाशी आम्ही थांबलो. उसाचा रस पिता पिता दिग्यानं सुहासला सगळं सांगितलं. तो खुशीत होता. एका मुलीला वाचवल्यासारखं त्याला वाटत होतं, आणि मलाही वाटत होतं. सुहासनं सगळं ऐकून घेतलं आणि पेला खाली ठेवला.

"आणि पत्र?" तो म्हणाला.

"कुठलं पत्र?"

"अरे, आपलं पत्र! मी टाकलं की. नेहमीसारखं. देवळासमोरच्या पेटीत."

रसवंतीच्या चरकाला घुंगरू बांधलेले होते. ते बराच वेळ वाजत राहिले.

आम्ही परत गेलो. पेटीवर 'पुढील उचल: ७' अशी पाटी होती. सुहासनं फटीत दोन बोटं घातली. मग मी कॅमेऱ्याचा पट्टा सोडून आत सोडून पाहिला. हे तासभर विनोदी दिसलं असतं, पण पाच मिनिटांतच शेजारच्या हॉटेलातून बनियनवर एक गृहस्थ बाहेर आले.

"काय साहेब, काय हरवलं?"

"पत्र. चुकून टाकलं गेलं."

"मीच पोस्टमन. शेवाळे. कुणाला टाकलं?"

"घैसास मास्तरांना."

"मग आता ते मास्तरांचं झालं." मग आमची तोंडं बघून त्याला दया आली. "तसं मिळतं परत. पेटी उद्या सातला उघडणार. पोस्टमास्तर नऊला येतात. ज्यानं टाकलं त्यानं अर्ज लिहून द्यायचा, अक्षर जुळवून दाखवायचं. पण उद्या इथं हजर पाहिजे. बाराला मी वाटायला निघतो."

"गावातल्या गावात उद्याच जातं?" दिग्यानं विचारलं.

"मग काय, चार घरं आहेत," शेवाळे म्हणाला. त्याला ते अपमानास्पद वाटलं असावं.

आम्ही गाडीत येऊन बसलो. दिग्याच्या बँकेत सोमवारी ऑडिट होतं. सुहासचं सकाळचं प्रॅक्टिकल होतं. दोघंही मग माझ्याकडे बघायला लागले. पत्रातलं अक्षर माझंच होतं.

"सोमवारी मुद्रितं येतात," मी म्हणालो.

त्या वर्षाची माझी डायरी आजही आहे. सात एप्रिलच्या पानावर एकच नोंद आहे. 'दाढीचं सामान आणणे.'

"कुमुदला सांगून ठेवू," सुहास म्हणाला. "ती दारातच पत्र घेईल."

हे बरोबर होतं. हे इतकं बरोबर होतं की आम्ही लगेच निघालो. पाचच मिनिटं लागली. शाळेमागच्या वळणावर आम्हाला मास्तरांच्या दारातून एक पांढरी जीप निघताना दिसली. पुढं बसलेल्या जाड माणसानं काच वर केली होती. मास्तर पायरीवर हात जोडून उभे होते, आणि जीप वळून गेली तरी त्यांचे हात जोडलेलेच होते. मग त्यांना आमची गाडी दिसली.

"अहो गद्रे! काही विसरलं का?"

तो माणूस धावत आला. निवृत्त, साठीचा, लाल पेन उड्या मारतंय खिशात.

"नाही, सहज," दिग्या म्हणाला. "घाट पुन्हा एकदा बघावासा वाटला."

"सांगून टाकलं मी त्यांना! तोंडावर सांगितलं. जरा बोलले ते, बोलू देत." त्यांनी दिग्याचा हात खिडकीतून धरून ठेवला. "थांबा, आईंसाठी काही तरी देतो. कुमुद, ती लिंबाच्या लोणच्याची बरणी आण गं!"

कुमुद बरणी घेऊन आली. तिनं ती माझ्या मांडीवर ठेवली, कारण मी खिडकीपाशी होतो. चेहरा मघाचाच होता, पण कुणी तरी आतून दिवा लावल्यासारखा. मास्तर दोन पावलांवर उभे होते. पलीकडे दाराशी तिची आई, आईमागं धाकटी.

"काही राहिलं का?" तिनं हळू विचारलं.

एक वाक्य पुरलं असतं. 'उद्या बाराला पोस्टमन येईल, पत्र तुम्ही घ्या.' ते वाक्य अजून माझ्याकडे आहे. त्यात दुरुस्तीसारखं काही नाही. पण मास्तर ऐकत होते, सगळे हसत होते, आणि सांगायचं म्हणजे आमच्यामुळं आलेला आनंद आमच्याच तोंडानं काढून घ्यायचा होता. आणि पोस्ट सावकाश चालतं. शेवाळे काहीही म्हणो.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

तिनं किंचित मान हलवली. ते आभार होते.

परतीच्या वाटेवर दिग्या म्हणाला, "उद्या बँकेतून तार करतो." मंगळवारी म्हणाला, तार बघून घरचे घाबरतील. बुधवारी म्हणाला, आता बहुतेक कुमुदच्याच हाती पडलं असेल. लोणचं त्याला घरी नेता येईना म्हणून सुहासनं नेलं. चांगलं होतं म्हणे.

शुक्रवारी दिग्या एक पाकीट घेऊन छापखान्यात आला. माझ्यासमोर ठेवलं आणि बसला. आत माझंच पत्र होतं. 'सर्व दृष्टींनी योग्य' तसंच, 'तथापि' तसंच, मंगळ तसाच. फक्त वर, ५ एप्रिलच्या खाली, लाल शाईची एक रेघ होती. पट्टीनं मारल्यासारखी सरळ. सोबत मास्तरांच्या ओळी.

'रा. रा. गद्रे यांस, आपले पत्र सोमवारी दुपारच्या टपालाने मिळाले, ते परत करीत आहे. आपण मुलगी शनिवारी नापसंत केलीत, रविवारी पाहिलीत व त्याच दिवशी पसंत केलीत. छत्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या, असा क्रम आढळला नाही. कुमुदला विचारले असता तिने सर्व मान्य केले. परक्या पुरुषांशी संगनमत करून तिने वडिलांच्या तोंडून खोटे वदवले, हे मला सहन होण्यासारखे नाही. नोकरीचे म्हणते, पण त्याला कागद नाही. मी मिरजेस जाऊन क्षमा मागितली. मंडळींनी मोठ्या मनाने पुन्हा होकार दिला आहे. वीस तारखेचा मुहूर्त आहे. बरणी परत करण्याची तसदी घेऊ नये. भा. ग. घैसास.'

"अकरा तारीख आज," दिग्या म्हणाला. "नऊ दिवस आहेत."

"हो."

"जाऊ या का?"

"जायला हवं," मी म्हणालो.

तो उठला आणि बँकेत गेला.

मी मास्तरांना खुलाशाचं पत्र लिहायला घेतलं. तीन मसुदे झाले. तिन्हींत 'तथापि' आलं. मग वीस तारीख आली आणि मसुद्यांचा प्रश्न सुटला.

त्याच महिन्यात दिग्यानं आईला फिलोमिनाबद्दल सांगितलं. ती दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, मग आण की तिला घरी. आज त्या दोघांना एक नातू आहे. सुहासच्या अल्बममध्ये पाटघरच्या देवळाचे चार फोटो आहेत, एकात कोपऱ्यात पोस्टाची पेटी येते. आम्ही तिघं भेटतो, पण रविवारी नाही. मी पुढं पेपरांतून सदरं लिहायला लागलो. लोक म्हणतात, तुम्ही माणसांच्या ढोंगावर अचूक बोट ठेवता. सकाळचा पेपर मी मागून उघडतो, कारण मिरजेकडच्या बातम्या आतल्या पानांवर असतात. स्टोव्ह, विहीर, असं काही असलं तर पूर्ण वाचतो. तिचं नाव अजून दिसलेलं नाही. दिसलं असतं तर नजरेतून सुटलं नसतं.

तिचं कार्ड मात्र आलं होतं. ठरल्याप्रमाणे, माझ्या पत्त्यावर, पिनकोडासकट. एप्रिल संपता संपता. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड, शिक्का मिरजेचा, अक्षर गोल आणि मोकळं.

'ऑर्डर बाबांच्या पत्त्यावर आली. त्यांनी ती इकडे पाठवली. आता तुम्ही पत्र टाकायला हरकत नाही. कुमुद.'

वर उजव्या कोपऱ्यात तारीख होती. मी ती शिक्क्याशी ताडून पाहिली. बरोबर होती.